यंत्राला जडलेला भस्म्या

दुपारची जेवणं आटोपून कनकम्मा विड्याच्या पानाला चुना लावत होती, तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून धाकटा दीर वरदराज आपल्या वहिनीला एवढंच म्हणाला, "अत्तिगे, गेलं."

चुन्याचं बोट साडीला पुसलं गेलं. कल्लूरच्या मंडळींत ऐंशी ओलांडलेली माणसं उदंड, त्यामुळे असा फोन आला की आधी 'कोण?' विचारायचं आणि मग आवाज कापरा करायचा, अशी सगळ्यांनाच सवय होती.

"कोण गेलं?"

"कोण काय, तुमचं यंत्र! आपलं पान उघडत नाहीये. पांढरंफटक पडलंय. काल पडलं, परवा पडलं, आज पुन्हा!"

कनकम्माला आधी हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि मग जो राग आला तो संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत टिकला. माणूस गेलं असतं तर 'वय झालं होतं' म्हणून लोक गप्प बसले असते. यंत्राच्या बाबतीत 'वय झालंय' म्हणताना लोक यंत्राकडे बघत नाहीत, तिच्याकडे बघतात.

यंत्र म्हणजे सर्व्हर. म्हैसूरच्या त्या घरात तो जेवणघरातल्या फळीखाली, लोणच्याच्या बरण्या आणि इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर यांच्या मधोमध बसवला होता. दिसायला काळी ट्रंक. पण तिच्या पोटात कल्लूर अग्रहाराच्या अकरा पिढ्या होत्या: मेलेले, जिवंत, जन्मनक्षत्रांसकट, फोटोंसकट. शिमोग्यापासून शिकागोपर्यंत कुणीही बसल्या जागी आपल्या पणजोबांच्या मिशा पाहाव्यात, अशी ही सोय. आणि तिचा सगळा प्रोग्राम कनकम्माने एकटीने लिहिला होता.

ती एका कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेली. तिच्या उमेदीच्या काळात मेमरी तुपासारखी वाढत. चमचा तिरपा करून, वाढणाऱ्याचा जीव कासावीस होईल अशी. अख्ख्या कारखान्याचा पगार ती जेवढ्या जागेत बसवायची, तेवढ्या जागेत आज पणजोबांची अर्धी मिशीसुद्धा मावत नाही. निरोप समारंभात विभागप्रमुख म्हणाले होते, "कनकवल्लीबाईंच्या हातचा प्रोग्राम कधी उपाशी मेला नाही." हे वाक्य ती चांदीच्या करंड्याबरोबर घरी घेऊन आली, आणि करंड्यापेक्षा जास्त वेळा बाहेर काढत आली.

आणि आता त्याच बाईच्या पडद्यावर रोज दुपारी लिहून येत होतं, की मेमरी संपली.

कल्लूरची मंडळी काय चीज आहे हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. दोन गल्ल्या, एक ओढा आणि मुलगी बाहेर द्यायची नाही हा बाणा, यावर ते गाव कित्येक पिढ्या चाललं. भाची मामाला द्यायची, आतेबहीण मामेभावाला द्यायची, आणि कुणी उरलंच तर समोरच्या गल्लीत द्यायची. त्यामुळे कुठलेही दोन कल्लूरकर उभे केले तर ते एकमेकांचे किमान तीन प्रकारे कोणीतरी लागतातच. यंत्रावर 'कोण कुणाचं कोण' अशी एक सोय होती. दोन नावं घालायची, यंत्र नातं सांगणार. सुरुवातीला कनकम्माने शहाणपणा करून फक्त जवळचं एक नातं दाखवलं. झालं! "मी त्याची आत्या असताना तू मला मेव्हण्याची सासू का केलंस?" असे फोन सुरू झाले. मग कल्लूरकरांच्या मंडळाने ठरावच केला, की सगळी नाती सगळ्या वाटांनी दाखवावीत, कुणाचं काही राहायला नको.

तिने पहिली परीक्षा स्वतःवर आणि नवऱ्यावर घेतली. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्रोफेसर अनंतपद्मनाभ यांनी चष्मा पुसून यादी वाचली आणि मटकन खाली बसले.

"कनका, नवव्या वाटेनं तू माझी आत्या लागतेस. म्हणजे इतकी वर्षं मी आत्याच्या हातचा हुळी-भात खातोय?"

"खाताय ना? मग नमस्कार तेवढा राहिलाय, तो उरकून घ्या."

असं सगळं छान चाललं होतं. दिवाळीनंतर कार्तिकात कल्याण मंटपात कल्लूरकरांचा मेळावा भरायचा होता, तिथे मोठ्या पडद्यावर हे सगळं दाखवायचं ठरलं होतं. आणि नेमकं आत्ताच यंत्राला मूर्च्छा यायला लागली. मंडळात शामण्णा नावाचे एक सदस्य होते. वय एक्क्याऐंशी, आवाज अठराचा. ते म्हणाले, "बंगळूरच्या कंपनीकडे तयार माल मिळतो. सगळं त्यांच्या हवाली करा. कनका हुशार होती, मी कुठं नाही म्हणतो?"

होती! त्या 'होती'ने कनकम्माची झोप उडवली. निर्णय पंधरा दिवसांनी शनिवारच्या बैठकीत होणार होता. तोवर मूर्च्छेचं कारण सापडलं नाही, तर अकरा पिढ्या ट्रंकेतून उपसून बंगळूरला जाणार आणि कनकम्मा उरणार ती मेळाव्यात कोशिंबिरीला फोडणी घालण्यापुरती.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. शेजारचे नंजुंडय्या वीज मंडळातून निवृत्त झालेले. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ व्होल्टेजमध्ये आहे असं त्यांचं मत. सुनेचा स्वभावसुद्धा ते त्यावरच ढकलत. टेस्टर घेऊन आले, जेवणघरातल्या प्रत्येक भोकात तो खुपसून पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बघा, दुपारीच का मरतं? कारण दुपारी सगळा म्हैसूर ग्राइंडर लावतो."

"दुपारी सगळा म्हैसूर झोपतो, नंजुंडय्या."

"झोपेत पंखा लागतोच की!"

प्रोफेसरांचं म्हणणं वेगळं. "उष्णता," ते म्हणाले. "प्रत्येक सजीवाला दुपारी ग्लानी येते." ते सजीव नाही हे सांगेपर्यंत त्यांनी वाळ्याचा पडदा भिजवून यंत्राभोवती गुंडाळलासुद्धा. यंत्राच्या पंख्याने तो वास घरभर पसरवला. दुपारी यंत्र मेलं, पण सुगंधात मेलं.

नंजुंडय्यांच्या बायकोने मात्र वादात न पडता थेट उपाय केला. एवढ्या घरांची माणसं एकाच पेटीत कोंबली तर दृष्ट लागणारच, असं म्हणून तिने भलामोठा कोहळा आणला, त्याला कुंकवाचे डोळे आणि कोळशाच्या मिशा काढल्या, आणि यंत्राच्या बरोबर वर फळीला टांगला. तो दोन दिवस डोळे वटारून बसला. तिसऱ्या दिवशी सुतळी तुटली आणि तो खाली ग्राइंडरमधल्या इडलीच्या पिठात असा काही पडला, की जेवणघराची एक भिंत, प्रोफेसरांचं पंचांग आणि यंत्राचं तोंड पांढरं झालं. यंत्र ठणठणीत! बाहेरून त्याला काही म्हणजे काही होत नव्हतं. जे काय व्हायचं ते पोटात.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण वरदराज आयुष्यभर बँकेत मॅनेजर होता, आणि अडचण आली की उपसमिती नेमायची हे त्याच्या रक्तात होतं. 'यंत्र-मूर्च्छा चौकशी उपसमिती' गुरुवारी सकाळी कनकम्माच्याच घरी भरली. सदस्यांनी कोडबळे संपवले, कॉफी घेतली, पुन्हा कॉफी घेतली. मग एकाने यंत्राची जन्मवेळ विचारली. दुसऱ्याने विचारलं, की यंत्र विकत घेताना पूर्वेकडे तोंड होतं का. कनकम्मा मेमरी म्हणजे काय ते सांगायला लागली, तर वरदराज म्हणाला, "अत्तिगे, हे लेखी द्या. तोंडी गोष्टींची नोंद होत नाही."

"लेखी दिलं तर वाचणार कोण?"

"त्याच्यासाठी वेगळी समिती आहे."

शेवटी ठराव झाला: 'यंत्राच्या प्रकृतीबद्दल ही उपसमिती चिंता व्यक्त करत आहे.' सूचक, अनुमोदक, टाळ्या. जाताना शामण्णा दारात थांबले. ते उपसमितीवर नव्हते, नुसते कोडबळ्यांसाठी आले होते. काठी यंत्राकडे रोखून म्हणाले, "कनका, मी रोज बघतो ना. काही विचारलं की नुसतं घुम्यासारखं बसतं. आणि मग पांढरं! विसरभोळं झालंय ते. माझंच बरं."

कनकम्माने दार लावलं आणि पदर खोचला.

त्याच दिवशी तिने बाजारात जाऊन मेमरी दुप्पट करून आणली. दुकानदाराने पट्टी हातात देताना विचारलं, "नातवाला गेम खेळायला का, आजी?" अशा अपमानांची तिला आता रांगच लावावी लागत होती. पट्टी बसवली. पूर्वी यंत्र दुपारच्या कॉफीच्या आधी मरायचं, आता कॉफी पिऊन होईपर्यंत जगलं. तेव्हा तिच्या डोक्यात पहिला प्रकाश पडला. ही भूक नव्हे, हा भस्म्या. भुकेल्या माणसाला दोन पोळ्या जास्त घातल्या की तो तृप्त होतो. भस्म्या झालेल्याला कोठार दिलं तरी तो कोठार संपवून तुमच्याकडे बघतो. म्हणजे आत कुठेतरी कोणीतरी न थांबता खात होतं.

"फोटो!" प्रोफेसर म्हणाले. "आपल्या लोकांनी काय काय फोटो चढवलेत बघ. एकाने तर नुसत्या फणसाचा."

तिने सगळे फोटो बंद केले. अर्ध्या तासात फोन वाजू लागले. पंचाण्णव वर्षांच्या तिम्मक्का तर रडतच होत्या. "अगं, मेल्यावर माणसाला भिंतीवर लावतात. मला तू जिवंतपणी उतरवलंस?" आणि एवढी हाय घेऊनसुद्धा यंत्र दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी मेलंच!

मग मात्र तिला कारखान्यातली जुनी रीत आठवली. घरात उंदीर आहे, पण कुठल्या खोलीत ते कळत नाही. तर अर्ध्या खोल्यांची दारं लावून घ्यायची. खुडबुड बंद झाली तर उंदीर त्या अर्ध्यांत, नाहीतर या अर्ध्यांत. मग पुन्हा त्यातल्या अर्ध्या. पूर्वी पंच कार्डांचे गठ्ठे घेऊन ती आणि तिच्या मैत्रिणी अशाच बसायच्या, वेण्यांतली अबोली सुकेपर्यंत. त्या मैत्रिणींतल्या किती जणी आता फोटोतच उरल्या होत्या. असो. तिने यंत्राच्या सोयी अर्ध्या-अर्ध्या बंद करायला घेतल्या. नक्षत्रं बंद. वाढदिवस बंद. फणस कायमचा बंद. रोज एकेक दार लावत लावत चार-पाच दिवसांनी शेवटी एकच खोली उघडी राहिली, 'कोण कुणाचं कोण'. आणि दुपारी त्या खोलीतून खुडबुड ऐकू आली. यंत्राने मान टाकली.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कनकम्मा जेवण लवकर उरकून यंत्रासमोर पाट मांडून बसली. मेमरी किती भरली ते दाखवणारी एक रेघ तिने पडद्यावर घेतली, आणि तिच्याखाली या क्षणी कोण काय विचारतंय ते. मागे प्रोफेसर. त्यांच्या मागे टेस्टर घेऊन नंजुंडय्या, कारण एवढी गंमत भिंतीपलीकडून ऐकण्यात अर्थ नव्हता.

बराच वेळ रेघ शहाण्यासारखी आडवी होती. कुणीतरी दावणगेरेहून आपल्या साडूचं नातं विचारलं. रेघ किंचित हलली, बसली. कुणाच्या तरी सुनेने सासूचं विचारलं, तीही बसली. मग एकाएकी रेघ वर चढू लागली. थांबेना. चुलीवरचं दूध जसं आधी कडेला थरथरतं आणि मग एकदम उरावर येतं, तशी.

"उतू चाललं, उतू चाललं!" प्रोफेसर ओरडले आणि सवयीने फडकं शोधू लागले.

"व्होल्टेज!" नंजुंडय्या ओरडले.

कनकम्मा मात्र रेघेखालची अक्षरं वाचत होती. विचारणारे: शामण्णा. कुणाबद्दल: वेंकम्मा.

मग पडदा पांढरा झाला.

"बघ," प्रोफेसर म्हणाले, "बोंब मारणाराच चोर. रोज दुपारी यंत्राचा गळा दाबायचा आणि संध्याकाळी बंगळूरच्या कंपनीचं नाव घ्यायचं!"

कनकम्माने चपला घातल्या.

रिक्षात बसल्यावर तिने काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं. पहिल्यांदा 'होती'चा समाचार, मग 'घुम्या'चा, मग 'विसरभोळ्या'चा. शामण्णांच्या घरी पोचली तेव्हा ते झोपाळ्यावर टॅब्लेट मांडीवर घेऊन बसले होते, आणि पांढऱ्या पडद्याला बोटाने टोचत होते. त्यांची बायको कमलू खाली बसून अवरेच्या शेंगा सोलत होती.

"या," शामण्णा म्हणाले. "सुतकात बाहेर कशा पडलात? तुमचं यंत्र आत्ताच गेलं."

"गेलं नाही, तुम्ही मारलंत! रोज दुपारी तुम्हीच मारता. मी डोळ्यांनी बघून आलेय."

"मी? मी काय केलं? मी नुसता प्रश्न विचारतो. रोज एकच. उत्तर देता येत नाही म्हणून ते मरतं, हा माझा गुन्हा? मग आमच्या शाळेतली अर्धी पोरं मास्तरांनी मारली म्हणायची!"

"रोज तोच प्रश्न कशाला विचारता पण? आणि ही वेंकम्मा कोण?"

कमलूचा शेंगा सोलणारा हात थांबला. "यांची आई," ती म्हणाली.

"आई नव्हे, अक्का," शामण्णा ताबडतोब म्हणाले. इतकं ताबडतोब, की ते शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, ते आपोआप बाहेर पडले. झोपाळ्याची कडी कुरकुरली.

गोष्ट कल्लूरमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि म्हणूनच कुणी ती कधी बोलत नसे. शामण्णांच्या आईच्या वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी मुलीचाच मुलगा दत्तक घेतला. शामण्णा तेव्हा नुकतेच शाळेत जाऊ लागण्याच्या वयाचे. होम झाला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात, त्याच चुलीपाशी, आजोबा बाप झाले, आजी आई झाली, आणि आई झाली थोरली बहीण. वेंकम्माचं लग्न रिवाजाप्रमाणे तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं, म्हणजे आजीच्या धाकट्या भावाशी. त्यामुळे शामण्णांचे वडील एका रात्रीत त्यांचे मामाही झाले आणि भावोजीही.

"सकाळी उठून मी तिला हाक मारली," शामण्णा म्हणाले, "तर आजोबांनी नुसतं बोट केलं. आजीकडे. 'आई ती.' संपलं. त्यांच्यापुढे कोण बोलणार? मग जन्मभर अक्का. तिनंही कधी चुकून वेगळं म्हणवून घेतलं नाही. फक्त दही वाढताना साय माझ्या पानात जास्त पडायची."

कमलूने पुढची शेंग सोलली.

"मला वाटलं," ते पुढे म्हणाले, "यंत्राला आजोबांची भीती नाही. ते खरं काय ते लिहून टाकेल. जेवण झालं की विचारतो." आणि मग आपण फार बोललो असं वाटून एकदम आवाज चढवला, "तर तुझं यंत्र आजोबांचं नाव काढताच मूर्च्छा येऊन पडतं! माझ्यापेक्षा भित्रं!"

कनकम्माने लावून आणलेलं भाषण कुठे गेलं ते तिलाच कळेना. ती दाराच्या चौकटीकडे बघत होती, पण तिला दिसत होता तिचा प्रोग्राम.

तो प्रोग्राम नातं कसा शोधायचा? एखादा माणूस गल्लीत घरोघर फिरतो तसा. या घरातून त्या घरात, बापाकडून आजीकडे, आजीकडून भावाकडे. गोल गोल फिरू नये म्हणून ज्या दारातून गेला तिथे उंबऱ्यावर खडूची खूण करायची. खूण दिसली की मागे वळायचं. साधी, सोपी रीत. पण सुरुवातीलाच वरदराजने मंडळाचा नियम सांगितला होता: विचारणारा स्वतः दत्तक गेलेला असेल, तर त्याचा नवा जन्म धरायचा, मागचं सगळं पुसायचं. कनकम्मा नियमाची पक्की. तिने तसंच लिहिलं. असा माणूस फिरत फिरत पुन्हा स्वतःच्या दाराशी आला, की सगळ्या खुणा पुसून टाक, नवा जन्म! बाकीचे दत्तक कधीच वारले होते, आणि मेलेली माणसं यंत्राला प्रश्न विचारत नाहीत. राहिले एकटे शामण्णा.

आता शामण्णांच्या दारातून निघा. आजोबांकडे जा, कारण ते बाप. आजोबांकडून आजीकडे. आजीकडून तिच्या धाकट्या भावाकडे. आणि त्या भावाचा मुलगा कोण? शामण्णा! आलं स्वतःचं दार. पुसा खुणा. चला पुन्हा आजोबांकडे. बिचारं यंत्र रोज दुपारी त्या चार घरांत भोवऱ्यासारखं फिरत होतं. चाललेली वाट तर लक्षात ठेवायची, आणि दाराशी आलं की खुणा विसरायच्या. पोट फुटेपर्यंत फिरत होतं.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट, म्हणजे मजेची म्हणायची तर, उत्तर त्याला पहिल्याच पावलाला सापडलेलं असे. शामण्णांच्या दाराला लागूनच वेंकम्माचं दार. पण सगळ्या वाटा सापडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा मंडळाचा ठराव! रोज ते उत्तर ओठांवर घेऊन मरत होतं.

"हसतेस काय?" शामण्णा म्हणाले.

कनकम्मा खरंच हसत होती, आणि पदराने डोळेही पुसत होती. "काही नाही. उद्या बैठकीला या. टॅब्लेट घेऊन या. आणि जेवून या."

"जेवण तुझ्याकडे नाही?"

"कोडबळे आहेत."

घरी येऊन तिने प्रोग्राममधली एकच ओळ काढली, खुणा पुसायची. शामण्णांचा प्रश्न मात्र तिने स्वतः विचारून पाहिला नाही. तेवढी अक्कल तिला होती. आपल्या आणि नवऱ्याच्या नात्यावरच परीक्षा घेतली. ती नवव्या वाटेने अजूनही आत्याच निघाली.

शनिवारी सगळं मंडळ जेवणघरात दाटीवाटीने बसलं. वरदराजने बंगळूरच्या कंपनीचे कागद मांडीवर धरले होते आणि कागदांवर कोडबळ्यांची ताटली. कोहळ्याने उडवलेल्या पिठाचे डाग भिंतीवर तसेच. शामण्णांनी टॅब्लेट घेतला, घसा खाकरला, दोन नावं घातली. कनकम्माने श्वास धरला. नंजुंडय्यांनी, का कुणास ठाऊक, टेस्टर धरला.

उत्तर लगेच आलं. शामण्णा चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. वाचून दाखवेनात. शेवटी वरदराज मान वाकवून मोठ्याने वाचू लागला.

"पहिली वाट, आई. दुसरी वाट, थोरली बहीण. तिसरी वाट, मामी. चौथी..." तो थांबला. "एक मिनिट. हे नियमात बसत नाही. दत्तकविधान झालेलं आहे. आई खोडून बहीण आधी घ्यायला हवी. अत्तिगे, ही दुरुस्ती..."

"वरदा," शामण्णा म्हणाले. आवाज अठराचा नव्हता, पण पुरेसा होता. "बहिणीकडे जायला आजोबांच्या घरावरून जावं लागतं. आईकडे सरळ जाता येतं. यंत्र पावलं मोजून बोलतंय. तू बँकेत होतास ना? मग मोजलेल्यावर वाद घालू नकोस."

"पण ठराव..."

"ठराव मी मांडला होता बंगळूरचा. मी मागे घेतो. अनुमोदक?"

"मी," कोपऱ्यातून नंजुंडय्या म्हणाले. ते कल्लूरचे नव्हते, मंडळाचेही नव्हते, पण त्या घटकेला कुणाच्या लक्षात आलं नाही आणि नोंद तशीच झाली. पुढे ती नोंद दुरुस्त करायला एक उपसमिती नेमली गेली, ती अजून बसतेय.

शामण्णा आता रंगात आले. "आता हिचं आणि माझं विचारतो," म्हणाले. कनकम्माचं नाव घातलं. यादी लांबलचक. ते बोटाने सरकवत गेले आणि मध्येच थबकले. "अरेच्चा! सतराव्या वाटेनं तू माझी आजी लागतेस गं."

"मग करा नमस्कार!" प्रोफेसर आनंदाने ओरडले. एकट्यालाच आत्या झाली होती, आता सोबत मिळाली.

"गुडघे दुखतात," शामण्णा म्हणाले. "नमस्कार बाकी राहू दे. कॉफी आण, आजी. आणि कनका हुशार आहे, असं लिहा त्या नोंदीत. 'आहे' लिहा."

मेळावा थाटात झाला. तिम्मक्कांचा फोटो पुन्हा चढला. फणसाचा चढला नाही. यंत्र अजून जेवणघरातच आहे, लोणच्याच्या शेजारी. दुप्पट केलेली मेमरी आता नुसती रिकामी पडून असते, मोठ्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसारखी. कनकम्माने ती काढली नाही. असू दे, म्हणाली. कुणाचं काय आठवायचं राहिलं असेल सांगता येत नाही.

ती रेघ मात्र तिने पडद्याच्या कोपऱ्यात कायमची ठेवली. परवा दुपारी नंजुंडय्या साखर मागायला आले होते. त्यांच्यासमोरच रेघेवर एक बारीकसा बुडबुडा आला, दूध उतू जाऊ का नको असा विचार करतं तसा, आणि लगेच बसला.

नंजुंडय्यांनी ताबडतोब बोट दाखवलं. "बघितलंत? व्होल्टेज!"

"नाही हो," कनकम्मा म्हणाली. "शामण्णांचं जेवण झालं."